पोट लहान झाले, पुढे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खडकी बाजारातल्या माझ्या दवाखान्यात चाळिशीच्या एक बाई आल्या. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांना अडीच महिने झाले होते. ११८ किलोच्या ९६ झाल्या होत्या. शेजारीपाजारी कौतुक करीत होते, पण बाईंचा चेहरा पार उतरलेला होता. “डॉक्टर, दोन आठवडे झाले, पोटात काही ठरतच नाही. खाल्लं की उलटी,” त्या म्हणाल्या. मी पित्त समजून गोळ्या दिल्या आणि अशक्तपणा पाहून ग्लुकोजचे सलाईन लावले. तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान त्यांना धरूनच घेऊन आले. चालताना तोल जात होता आणि एकाच्या जागी दोन वस्तू दिसत होत्या.

मी त्यांच्या सर्जनना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ब-१ दिले का?” मी दिले नव्हते. बाईंना लगेच रुग्णालयात हलवले आणि थायामिनची, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शने शिरेतून सुरू झाली. डोळे काही दिवसांत सुधारले. चाल पूर्ववत व्हायला मात्र कित्येक महिने लागले.

शाळेच्या पुस्तकात आपण बेरीबेरी हा रोग वाचलेला असतो. त्याचे कारण हेच जीवनसत्त्व कमी पडणे. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. उलट्या होत राहिल्या की तो संपतो. अशा वेळी ब-१ न देता नुसते ग्लुकोज दिले, तर उरलेसुरले जीवनसत्त्व ते पचवण्यात खर्च होते आणि मेंदूला इजा पोहोचते. माझी ही चूक मी आज उघडपणे सांगतो, कारण अशी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आता लहान गावांतही दिसू लागले आहेत. उलटी झाली की ते मोठ्या रुग्णालयात जात नाहीत, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडेच येतात.

शस्त्रक्रियेत होते काय?

अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. आपल्याकडे २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा हा विषय घरोघरी पोहोचला. आज मुख्यतः दोन प्रकार केले जातात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात.

यामुळे पोट लवकर भरते. भूक लावणारे एक संप्रेरक घटते, म्हणून सुरुवातीचे काही महिने भूकही फारशी लागत नाही. पण जेवण कमी झाले की त्यातून मिळणारी प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वेही कमी होतात. बायपासमध्ये तर अन्नाचा मार्गच बदलत असल्याने ती शोषलीही कमी जातात. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत संपते, जेवणाचा प्रश्न मात्र रोज तीन वेळा समोर येतो.

पहिले सहा आठवडे

पहिले एक-दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेले सूप असे पातळ पदार्थ घोट घोट घ्यायचे. पुढे साधारण दोन आठवडे दूध, ताक, डाळीचे पाणी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले वरण, मऊ दही, कुस्करलेले अंडे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ खिचडी, शिजवलेली भाजी, मऊ मासा. त्यानंतर हळूहळू घरचे जेवण. आपल्या सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असेल, तर त्यांचाच पाळावा.

माझ्या त्या रुग्णबाईंचे नेमके इथेच बिघडले होते. सुनेचा सुकलेला चेहरा पाहून सासूबाईंचा जीव तुटत होता. “भाकरी खाल्ल्याशिवाय अंगात ताकद कशी येणार?” असे म्हणून त्या रोज काला करून भरवीत होत्या. हेतू चांगला होता, पण नव्या पोटाला ते झेपत नव्हते. घास अडकायचा आणि उलटी व्हायची.

ताटात आधी काय?

आपली सवय आधी पोळी-भाकरी किंवा भात आणि तोंडी लावायला वरण-भाजी अशी. शस्त्रक्रियेनंतर हा क्रम उलटा करायचा. आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी पोळीचा चतकोर.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, थकवा येतो आणि केस जास्त गळतात. घरातल्या पदार्थांचा अंदाज असा: पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, एका अंड्यात ६, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५ आणि १०० ग्रॅम दह्यात ३ ग्रॅम. दोन अंड्यांसह हे सगळे दिवसभरात खाल्ले तरी बेरीज ५४ होते. एवढेसे पोट घेऊन एवढे खाणे सुरुवातीला जमतच नाही. म्हणून डॉक्टर प्रथिनांची पावडर लिहून देतात, तो पैसे उकळण्याचा प्रकार नव्हे. मांसाहारी मंडळींना मासे आणि चिकन यांचा चांगला आधार मिळतो.

खाण्याची पद्धतही बदलावी लागते. चमचा लहान घ्यावा, घास अगदी मऊ होईपर्यंत चावावा, जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. ‘दोनच घास उरलेत, टाकायचे कशाला’ हा विचार सोडावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट सुरू करावे आणि दिवसभरात दीड लिटरपर्यंत पोहोचावे. सोडा आणि फसफसणारी पेये टाळावीत.

आपल्या भागात पाळीवर काम करणारे पुष्कळ आहेत. रात्रपाळीला चहा-बिस्किटांवर वेळ मारून नेण्याची सवय असते. अशांनी डब्यात उकडलेले अंडे, पनीरचे तुकडे किंवा घट्ट मूग न्यावेत आणि घड्याळाप्रमाणे खावेत, कारण भूक आठवण करून देईलच असे नाही.

गोड आणि पातळ

बायपासनंतर विशेषतः, साखरेचा पदार्थ भरभर आतड्यात उतरतो. दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होतात. काहींना तास-दोन तासांनी रक्तातली साखर उतरून चक्कर येते. गणपतीत एक मोदक खाऊन झोपून राहावे लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

याउलट काहींना गोड सहज पचते, आणि तो धोका वेगळा. भाकरी जिथे अडते, तिथून आमरस, बासुंदी, आइस्क्रीम, उसाचा रस विनासायास उतरतो. पोट भरत नाही आणि वजन वाढते. साधारण दीड ते दोन वर्षांनी वजन उतरणे थांबते आणि थोडे वर सरकते. त्यात घाबरण्यासारखे नाही. पण त्याच सुमारास घोट घोट गोड सुरू झाले, तर गेलेले बरेच किलो परत येतात. उपवासाचेही तसेच. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाणा खिचडी आणि बटाट्याच्या वेफर्सना तंतोतंत लागू पडते. शक्यतो उपवास करू नये. करायचाच असेल तर दूध, दही, ताक, पनीर यांवर करावा.

गोळ्या जन्मभराच्या

‘आता बरं वाटतंय, गोळ्या बंद केल्या’ हे वाक्य मी वारंवार ऐकतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेनंतर कमी होऊ शकते, बंदही होऊ शकते, आणि ती डॉक्टरांनी वेळेवर कमी करायला हवी, नाहीतर साखर किंवा दाब फार खाली जातो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र कायमच्या आहेत: मल्टिव्हिटॅमिन, ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड. ब-१२ वर्षानुवर्षे कमी पडले तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि तो उशिरा लक्षात आल्यास पूर्ण भरून येत नाही. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर घेऊ नये, मध्ये दोन तास असावेत. चहाबरोबर तर मुळीच घेऊ नये. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, पुढे दरवर्षी करावी.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, धीर धरावा. वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत. बायपास झालेल्यांनी गर्भनिरोधक गोळीवर विसंबून न राहता डॉक्टरांना दुसरा उपाय विचारावा. दारू आता लवकर आणि जास्त चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. विडी-सिगारेटने जोडाच्या जागी व्रण होतात. बायपास झालेल्यांनी डोके किंवा गुडघा दुखला म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून घेऊ नये. तिनेही तसेच व्रण होतात.

घरच्यांसाठी

पंगतीत आग्रह करणे ही आपल्याकडची माया. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ‘माझ्या हातचा एक घास’ म्हणणे म्हणजे त्याला उलटीच्या वाटेवर ढकलणे. त्याच्यासाठी छोटी वाटी वाढावी, त्याचे ताट लवकर उचलू नये आणि उरलेल्या अन्नावरून टोमणे मारू नयेत. संध्याकाळी त्याच्याबरोबर अर्धा तास चालायला जावे.

त्या बाई अजून माझ्याकडे येतात, वर्षातून एकदा तपासणीचे कागद घेऊन. आता त्यांच्या सासूबाईच सकाळी विचारतात, “गोळी घेतलीस का?”

वाचकांना शेवटी एकच विनंती. ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर एका कागदावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, सर्जनचा दूरध्वनी आणि चालू गोळ्या लिहून तो पाकिटात ठेवा. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी बसता बसता तो डॉक्टरांच्या हाती द्या. आणि दोन-तीन दिवसांहून अधिक उलट्या झाल्या, तर सलाईन लावण्याआधी विचारा, “डॉक्टर, ब-१ देणार ना?” हा प्रश्न विचारल्याबद्दल कुठलाही डॉक्टर रागावणार नाही. मी तर नाहीच.