मोझेलच्या उताराचा हिशेब

कार्ल मार्क्सचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर गिरण्यांची धुराडी आणि कामगार उभे राहतात. आर्थिक प्रश्नांकडे तो प्रथम वळला, तो मात्र शेतीच्या निमित्ताने. १८५९ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्याने त्यामागची कारणे नोंदवली आहेत. त्यांत जंगलातल्या लाकूडचोरीच्या कायद्याबरोबर मोझेल नदीकाठच्या द्राक्ष बागायतदारांच्या दैन्याचाही उल्लेख आहे. या नदीकाठचा इतिहास बहुधा वाईनच्या चवीच्या अंगाने सांगितला जातो. मला तो उतारावर राबणाऱ्या माणसाच्या हिशेबातून मांडायचा आहे, कारण दोन हजार वर्षांत तिथे काय टिकले आणि का टिकले, याचे उत्तर त्या हिशेबात सापडते असे मला वाटते.

मोझेल फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावते, काही अंतर लक्झेम्बर्ग आणि जर्मनी यांची सीमा होऊन वाहते आणि कोब्लेन्झ येथे ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर ते कोब्लेन्झ हे सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरचे अंतर ती इतकी वळणे घेत कापते, की प्रवास जवळजवळ दुप्पट होतो. या वळणांनीच इथली द्राक्षशेती शक्य केली. हा भाग ५० अक्षांशाजवळचा, म्हणजे द्राक्ष पिकण्याच्या सीमेवरचा. वळणांमुळे दरीचा एखादा काठ दक्षिणेकडे तोंड करतो आणि ऊन थेट अंगावर घेतो. उतारावर पाटीचा दगड आहे. आपल्याकडच्या जुन्या शाळेतल्या दगडी पाटीच्या जातीचाच. तो दिवसभर तापतो आणि रात्री ऊब सोडतो. रीसलिंग हे उशिरा पिकणारे द्राक्ष या उबेवर तयार होते.

मात्र ज्या चढामुळे ऊन मिळते, तोच चढ कष्ट वाढवतो. ब्रेम गावाजवळचा कालमोंट हा उतार काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक उभा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. नाशिककडे द्राक्षवेल मांडवावर पसरते. मोझेलच्या जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो, म्हणजे माणसाला तिच्याभोवती चारही बाजूंनी फिरता येते. छाटणी, बांधणी, तोडणी सारी हातानेच. पावसाने खाली वाहून आलेली माती आणि दगड पूर्वी पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेत. आता काही ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी गाडी माणसाला आणि मालाला वर नेते, तरी सपाट बागेच्या कितीतरी पट तास इथे खर्ची पडतात.

हे कष्ट परवडण्यासाठी कोणीतरी मोल देणारा लागतो. रोमन काळात तो ट्रिअरमध्ये होता. हे शहर पुढे सम्राटांचे निवासस्थान झाले. पीसपोर्ट येथे उताराच्या पायथ्याशी द्राक्षे तुडवण्याचे आणि रस दाबून काढण्याचे रोमन हौद सापडले आहेत. नॉयमागेन येथे पिंपे वाहणाऱ्या नौकेचे एक थडगेशिल्प मिळाले. ते तिसऱ्या शतकातले मानले जाते. रोमनांनंतर मठ आणि ट्रिअरचे आर्चबिशप मोठे बागमालक झाले. कूएस गावी जन्मलेला तत्त्वज्ञ कार्डिनल निकोलस याने पंधराव्या शतकात ३३ वृद्धांसाठी आश्रम स्थापला आणि खर्चासाठी बागा लावून दिल्या. तो आश्रम आजही वृद्धांना सांभाळतो. १७८७ मध्ये आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस याने हलक्या वेली काढून चांगल्या वेली लावण्याचा हुकूम काढला. रीसलिंगच्या प्रसाराला त्यामुळे बळ मिळाले.

१७९४ मध्ये फ्रेंच सैन्य आले आणि मालकीच बदलली. चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. नेपोलियनच्या कायद्याने मुलांना वारसा समान मिळू लागला. न्याय झाला, पण पिढ्यागणिक बागांच्या चिंध्या झाल्या. वाटण्यांनी शेताचे तुकडे झालेले पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८१५ नंतर हा प्रदेश प्रशियाकडे गेला. प्रशियाच्या जकातीने बाहेरच्या वाईनला अटकाव केला, भाव चढले, आणि लोकांनी कर्ज काढून बागा वाढवल्या. पुढे दक्षिण जर्मन राज्यांशी करार झाले आणि १८३४ मध्ये जकात संघ अस्तित्वात आला. स्वस्त वाईन आत आली, भाव कोसळले. कर मात्र उतरले नाहीत. त्यात थंड, आंबट हंगामांची भर पडली.

ट्रिअरमध्ये जन्मलेल्या मार्क्सच्या घरचीही थोडी द्राक्षबाग होती. कोलोनच्या ‘ऱ्हाइनिशे त्सायटुंग’ या पत्राचा संपादक असताना त्याच्या बातमीदाराने मोझेलच्या हलाखीबद्दल लिहिले. प्रांताधिकाऱ्याने त्याला खोटे ठरवले. जानेवारी १८४३ मध्ये मार्क्सने उत्तर दिले. त्याचा मुद्दा आजही ताजा वाटतो: दोष एखाद्या अधिकाऱ्याच्या दुष्टपणाचा नाही, कारभार स्वतःच्याच नोंदी आणि नियम हे अंतिम सत्य मानतो आणि दैन्याचे खापर निसर्गावर किंवा शेतकऱ्यावर फोडतो. त्याच महिन्यात पत्र बंद करण्याचा निर्णय झाला. अनेक कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली. ट्रिअरच्याच लुडविग गाल याने आंबट रसात साखरपाणी मिसळण्याच्या पद्धतीचा प्रचार केला. वाईट हंगामात त्याने बागायतदार तगला, पण शुद्ध वाईन कोणती, हा वाद पेटला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि दिवस पालटले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोझेलच्या उत्तम रीसलिंगला बोर्दोच्या नामवंत वाईनच्या तोडीचा भाव येई. या व्यापारात ज्यू व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाझी राजवटीने त्यांना हुसकावले, लुटले, मारले. त्यांच्याबरोबर दूरदूरच्या गिऱ्हाइकांशी जोडलेले धागेही तुटले.

युद्धानंतर नदीवर धरणे आणि जलपाश बांधून १९६४ मध्ये मोठ्या मालवाहू नौकांसाठी वाट खुली झाली. १९७१ च्या वाईन कायद्याने मोठमोठे पट्टे एकाच नावाखाली आणले. त्यामुळे सपाट शेतातली भरघोस, स्वस्त वाईनही नामांकित गावाचे नाव लावून विकता येऊ लागली. नाव उताराने कमावले होते. नफा सपाटीला मिळाला. १९९० च्या आसपास १२,००० हेक्टरांहून अधिक असलेले बागक्षेत्र आता ९,००० हेक्टरांच्याही खाली आले आहे. सोडलेल्या उतारावर काटेरी झुडपे माजतात आणि आधाराविना दगडी बांध ढासळतात.

हवामान तापल्याने द्राक्ष न पिकण्याची जुनी भीती ओसरली. तोडणीला पूर्व युरोपातून मजूर येतात. मग संकट कशाचे? माझ्या मते, मोझेलचा प्रश्न आता द्राक्षाचा उरलेला नाही, मजुरीचा आहे. पर्यटक ज्या बांधांकडे निसर्ग म्हणून पाहतो, ते माणसांनी रचलेले आहेत आणि दरवर्षी पुन्हा रचावे लागतात. तो खर्च बाटलीच्या किमतीत मिळतो किंवा सरकारी अनुदानातून. आज दोन्हींतून मिळून जेवढे हाती येते, त्यात सगळे उतार सांभाळणे परवडत नाही. म्हणून कोणता उतार राखायचा आणि कोणता झुडपांना सोडायचा, हा निर्णय तिथली कुटुंबे दर हिवाळ्यात छाटणीला निघण्यापूर्वी घेत आहेत.