‘किंग लियर’मधील संबोधनाची सर्वनामे

शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत एकट्या श्रोत्यास उद्देशून ‘यू’ व ‘दाऊ’ अशी दोन सर्वनामे योजीत असत. पहिले आदराचे वा औपचारिक. दुसरे जवळिकीचे, तसेच अधिक्षेपाचेही. १६०८ साली प्रथम मुद्रित झालेल्या ‘किंग लियर’मध्ये हा भेद स्वभावदर्शनाचे साधन बनला आहे. राज्यविभागणीच्या प्रवेशात लियर कॉर्डेलियाशी प्रथम ‘यू’ने बोलतो, तिचे उत्तर न रुचल्यावर तो ‘दाऊ’वर येतो व तिला वारशापासून वंचित करतो. तिचा कैवार घेणारा सरदार केंट तर प्रत्यक्ष राजासच ‘दाऊ’ म्हणून मर्यादा ओलांडतो. चौथ्या अंकात कन्येची ओळख पटल्यावर लियरच्या मुखी पुन्हा ‘यू’ येते. त्यात आता दरबारी उपचार नसून पश्चात्तापाची नम्रता आहे. पाचव्या अंकात बंदिवासात जाताना ‘दाऊ’ परतते, ते वात्सल्याने. तात्पर्य, सर्वनामाचा अर्थ त्याच्या कोशगत मूल्यापेक्षा आधीच्या संबोधनापासून झालेल्या पालटात अधिक असतो. मराठीत पिता कन्येस सहसा ‘तू’च म्हणतो, त्यामुळे अनुवादात या चारही अवस्था एकाच शब्दात लोपण्याचा संभव आहे. म्हणून लियरच्या स्वभावाचे विवेचन करणाऱ्याने मूळ संहितेतील सर्वनामे अवश्य तपासावीत.