डोळ्याला पात लागल्यानंतरचे अठरा तास

कापूस वेचणी सुरू झाली की खानदेशातल्या शिवारात सकाळपासून बाया वाकलेल्या दिसतात. वाळलेल्या बोंडाचं टोक टणक, पऱ्हाटीची काडी त्याहून टणक. पुढे मक्याची कापणी, दादर ज्वारीची मळणी, रावेर-यावलकडे केळीच्या बागेतली पानं कापणं. डोळ्याला पात लागणं, कुसळ जाणं हे रोजचंच. ‘डोयामा कचरा गया’ म्हणायचं, पदराने चोळायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

त्या चोळण्याने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा, म्हणजे कॉर्नियावरचा, नाजूक पापुद्रा खरचटतो आणि पानावरच्या, मातीतल्या बुरशीला आत शिरायला वाट मिळते. यातली फ्युजेरियम आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. केळी, हरभरा आणि कपाशीवर मर रोग आणणारी बुरशी याच कुळातली. डोळ्यात ती हळूहळू पसरते. पाच-सहा दिवसांनी पांढरा ठिपका दिसतो, उजेड सहन होत नाही. जखम भरली तरी डाग राहतो. लोक म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.

खानदेशात डोळ्यांचं काम म्हटलं की मोतीबिंदूची शिबिरं आठवतात. ती हवीतच. पण मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली की बहुतेकांना पुन्हा दिसतं. कॉर्नियावर दाट फूल पडलं की दृष्टी परत आणणं फार अवघड. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण कॉर्नियाचा पांढरेपणाच निघालं. ऐन कमावत्या वयातली ही माणसं आहेत.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या थेंबातून होतं. मेडिकल दुकानातून ‘डोळे आल्याचे ड्रॉप’ आणले जातात आणि त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणूस निर्धास्त होतो. शरीराची प्रतिकाराची ताकद मात्र स्टेरॉइडने दाबून टाकलेली असते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. चिठ्ठीशिवाय असे ड्रॉप हातात ठेवणं थांबलंच पाहिजे.

निदान महाग नाही. डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा किंचित खरवड काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात. काही मिनिटांचं काम. जिवाणू की बुरशी, हे कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही.

बुरशीवरच्या औषधाचा प्रश्न मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकी संशोधकांबरोबर तपासला. नॅटामायसिन हे जुनं औषध. १९५५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं. व्होरिकोनाझोल नवं आणि डॉक्टरांच्या पसंतीचं. ३२३ रुग्णांवर दोन्ही ताडून पाहिली. २०१३मध्ये निकाल आला: जुनं औषध सरस, फ्युजेरियमच्या रुग्णांत तर ठळकपणे.

पण आपल्या गावांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नेपाळमधल्या भक्तपूरचा प्रयोग, २००१मध्ये प्रसिद्ध झालेला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना डोळ्यावरचं खरचटणं ओळखायला शिकवलं आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं. ४४२ जणांपैकी ४२४ जणांचे डोळे जंतुसंसर्गाशिवाय बरे झाले. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत आलेल्या २८४ जणांत एकालाही जखम चिघळली नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांची चिघळली.

आशाताई आपल्याकडे गावोगाव आहेत. वेचणीच्या हंगामापुरतं तरी हे प्रशिक्षण जळगाव-धुळ्यात द्यायला हवं. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शिकवणारी माणसं शोधायला लांब जायला नको.

तोवर एवढं करता येतं. डोळा चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचा. मध, तूप, अंगावरचं दूध काहीही घालायचं नाही, जिभेने कचरा काढू द्यायचा नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. दुपारी चारला पात लागली, तर अठरा तास दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संपतात. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचायचं आणि पात कशाची लागली, कपाशीची की मक्याची, हे त्यांना न विसरता सांगायचं.