गावाचं पावसाचं पाणी, भाग 4 : स्लॅबचं पाणी गल्लीत सोडू नका

मागच्या भागात गटारांचा उतार पाहिला. आज त्याच्या अलीकडचं काम पाहू: गटारावरचा भार घरातच कमी कसा करायचा?

आधी हिशेब मांडू. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, अंदाजे 101 चौरस मीटर. एवढ्या स्लॅबवर 25 मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होतं. गल्लीत अशी वीस घरं असतील, तर तासाभराच्या एका जोरदार सरीत पन्नास हजार लिटर पाणी एकाच गटाराकडे धावतं. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या वाढत्या गावांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा. पूर्वीच्या माळवदाची माती थोडं पाणी पिऊन उरलेलं पन्हाळीतून सावकाश सोडायची. स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा रस्ता जवळजवळ काहीच पीत नाहीत. त्यातच जुना रस्ता न उखडता त्यावर नवा थर टाकला, की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पाणी घरात शिरतं.

उपाय म्हणून शोषखड्डा सुचवला जातो. नांदेड जिल्ह्याने तो गावोगाव नेऊन दाखवला. पण तिथे मुख्य प्रश्न सांडपाण्याचा होता. पावसाचं गणित वेगळं आहे. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात दगड भरले की पोकळीत जेमतेम सात-आठशे लिटर मावतात. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की फुगून त्या भेगा बुजवते, मग पाणी मुरत नाही. म्हणून खड्डा मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. काळ्या मातीत थांबलेला खड्डा पहिल्या झडीतच तुंबतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. पहिल्या पावसाचं पाणी छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं. ते बाहेर जाऊ द्या. नंतरचं पाणी पाइपने टाकीत घ्या. टाकी भरली की वाळू-खडीच्या गाळणीतून पुनर्भरण खड्ड्यात सोडा. बोअरमध्ये गटाराचं किंवा मोरीचं पाणी कधीही सोडू नका. सगळ्या गल्लीचं पिण्याचं पाणी त्याने नासतं. खड्डा भिंतीच्या पायापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून दूर घ्या.

एप्रिल 2016मध्ये मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आलं. वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी एका गुंठ्याच्या स्लॅबवर सुमारे 48 हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे अशी अकरा घरं वर्षभरात त्या पहिल्या फेरीएवढं पाणी गोळा करतात. मांजरा खोऱ्यात राहणाऱ्या आपल्याला ते गटारात घालवणं परवडणारं नाही. यंदा मृगाआधी निदान स्लॅबचा उतार आणि पाइपचं तोंड तपासून घ्या.

पुढच्या भागात : नाल्यावरची अतिक्रमणं आणि ग्रामपंचायतीचं काम.