मिसळ अंगी लागते ती कुठे?

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुलुंड पूर्वेला जा, घाटकोपरच्या पंतनगरात जा, बोरिवलीच्या वझिरा नाक्यावर किंवा अंधेरीच्या गुंदवलीत जा, मिसळ खाणारी माणसं दिसतातच. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लाल तर्री, मूठभर फरसाण, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, दोन पाव. सोबत कोणी ताक घेतं, आणि ताटली संपायच्या आत कटिंग चहाची ऑर्डर जातेच. पचनाचं काम समजून घ्यायला याहून चांगली ताटली शोधून सापडायची नाही. पावात पिष्ट आहे, मटकीत प्रथिनं, तंतू आणि लोह, तर्रीत तेल, ताकात दुधातली साखर. या प्रत्येकाची वाट पोटात गेल्यावर वेगळी होते.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायला हवी. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची पचननलिका ही दोन्ही टोकांना उघडी असलेली एकच लांब नळी आहे. तिच्या पोकळीत पडलेला घास आपण गिळला खरा, पण शरीराच्या दृष्टीने तो अजून बाहेरच आहे. आतड्याच्या आतल्या अस्तराची जाडी अवघी एका पेशीची. ती पेशी ओलांडून अन्नाचा कण पलीकडच्या रक्तात किंवा लसिकेत उतरला, की तो शरीरात आला. घरी, दवाखान्यात, शाळेत सगळीकडे ‘काय खाल्लंस?’ एवढंच विचारलं जातं. त्यातलं पलीकडे किती पोचलं, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडचे बरेचसे आजार त्याच प्रश्नात दडलेले आहेत.

तोंडातलं काम थोडक्यात उरकतं. दात घास बारीक करतात, लाळेतलं अमायलेज नावाचं विकर पावातल्या पिष्टाच्या लांब साखळ्या तोडायला लागतं. पाव नुसता बराच वेळ चावत राहिलं तर किंचित गोड लागू लागतो, तो यामुळेच. पुढे जठरातल्या आम्लात ही लाळ निकामी होते आणि पिष्टाचं उरलेलं काम लहान आतड्यावर पडतं.

जठरात दिवसाला साधारण दोन लिटर जठररस पाझरतो. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल इतकं तीव्र असतं की अन्नासोबत आलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. या आम्लातच पेप्सिन हे विकर काम करू शकतं आणि मटकीतल्या प्रथिनांचे तुकडे पाडायला सुरुवात करतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने 1836 मध्ये ते वेगळं काढलं. जठर हे सगळं घुसळून त्याची पातळ लापशी करतं आणि थोडी थोडी पुढे सोडतं. तेल जास्त असेल तर हे सोडणं मंदावतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला तेल पोचलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात मिसळतं आणि जठराला सबुरीने घ्यायला लावतं. दहा वाजता तर्रीदार मिसळ खाल्ल्यावर दुपारी एकला जेवणाच्या पानावर बसावंसं वाटत नाही, त्याचं कारण हे.

तिखटाबद्दलही इथेच सांगायला हवं, कारण आपल्या घराघरांत अल्सरचं खापर अजून मिरचीवरच फुटतं. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना उत्तेजित करतं, म्हणून जिभेवर आणि नंतर पोटातही आग झाल्यासारखं वाटतं. ज्याला आधीच अल्सर किंवा आम्लपित्त आहे त्याला याचा त्रास होतो. पण जठराला व्रण पडण्याची दोन मोठी कारणं वेगळी आहेत: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, आणि वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी या जिवाणूचा छडा लावला. मार्शल यांनी तर 1984 मध्ये त्याचं संवर्धन केलेलं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आपल्याच मनाने गोळ्या आणून रोज घेणाऱ्या आजीआजोबांना मिरचीऐवजी त्या गोळ्यांबद्दल सावध करणं जास्त गरजेचं आहे.

खरी गंमत पुढे आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच दोन नळ्या येऊन मिळतात. स्वादुपिंडातून दिवसाला सुमारे दीड लिटर रस येतो. त्यातला बायकार्बोनेट जठरातून आलेलं आम्ल शमवतो, आणि पिष्ट, प्रथिनं, तेल या तिघांनाही तोडणारी विकरं त्यातच असतात. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठलेलं पित्त तर्रीतल्या तेलाचे सूक्ष्म थेंब करतं, म्हणजे लायपेज या विकराला त्यांच्यावर काम करायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. हे पित्तक्षार वाया जात नाहीत. आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांतले जवळजवळ सगळे पुन्हा शोषले जाऊन यकृताकडे परततात आणि दिवसातून अनेकदा वापरले जातात.

आतड्याचं अस्तर सपाट नसतं. त्याला घड्या असतात, घड्यांवर बोटांसारखे बारीक उंचवटे, आणि त्या उंचवट्यांवरच्या प्रत्येक पेशीला आणखी सूक्ष्म केसांसारखी झालर. हे सगळं उलगडून पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल असं पूर्वी पाठ्यपुस्तकांत असायचं. 2014 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं तेव्हा लहान आतड्याचा पृष्ठभाग सुमारे 30 चौरस मीटर भरला. उपनगरात झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून जे 300 चौरस फुटांचं घर मिळतं, त्याच्या जमिनीहून हा पृष्ठभाग थोडासा जास्त. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी गळून पोकळीत पडतात आणि खालून नव्या वर येतात.

या अस्तरातून पावाचं पिष्ट ग्लुकोज होऊन आत जातं. मटकीची प्रथिनं सुटी अमिनो आम्लं होऊन किंवा दोन-तीन आम्लांच्या छोट्या तुकड्यांच्या रूपात आत जातात. हे दोन्ही यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. तेलाची वाट मात्र निराळी. पेशीच्या आत त्याचे पुन्हा बारीक गोळे बांधले जातात, ते रक्तात न जाता लसिकेत उतरतात, छातीतून वर चढतात आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाजवळ मोठ्या शिरेत रिकामे होतात. हे डोळ्यांनी दिसतं. तेलकट खाऊन दोन-तीन तासांनी कोणी रक्त दिलं, की पॅथॉलॉजी लॅबमध्ये नळी फिरवून काढल्यावर वरचा द्रव नेहमीसारखा पिवळसर, पारदर्शक न दिसता ताक घातल्यासारखा गढूळ पांढरा दिसतो. ट्रायग्लिसराइडच्या तपासणीला उपाशीपोटी या असं सांगतात ते म्हणूनच. कोणी खाऊन गेलं असेल तर नळी पाहूनही बऱ्याचदा ते कळतं.

आता मटकीतलं लोह. या लेखातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. कारणं अनेक असतात, पण लोहाची कमतरता त्यात मोठी. आणि यातल्या कितीतरी जणी रोज डाळ, उसळ, पालेभाजी खातात. ताटात लोह असतं, पलीकडे मात्र फार थोडं पोचतं. कडधान्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोहाला धरून ठेवतो. शिवाय वनस्पतींतलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याच्या पेशीला सहज उचलता येत नाही.

इथे आपल्या स्वयंपाकघरातली जुनी रीत कामाला येते. मटकी रात्रभर भिजवली, पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधली, की दुसऱ्या दिवशी गाठोडं उघडताना पांढरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावतात आणि आतला दाणा किंचित कोमट लागतो. दाणा जागा झाला आहे. त्याच्यातलं फायटेझ हे विकर फायटेट तोडायला लागलं आहे. मिसळीवर पिळलेलं लिंबूही चवीपुरतं नसतं. त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं. मोड आणि लिंबू यांनी ही अशी तयारी करायची, आणि वर लगेच कटिंग चहा प्यायचा, हे मात्र मला बघवत नाही. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला बांधून टाकतात. जेवणासोबत चहा घेतला तर वनस्पतींतल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. चहा सोडायची गरज नाही, तासाभराने घ्यावा. सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या अशा दोन्ही गोळ्या मिळतात. त्या एकदम घेऊ नयेत, कारण कॅल्शियमही लोहाला अडवतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियमची दुसऱ्या वेळी. ‘ताई, दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी’ एवढं एक वाक्य प्रत्येक खिडकीवर सांगितलं गेलं पाहिजे.

ताकाचं थोडक्यात सांगतो. दुधातली लॅक्टोज ही साखर तोडणारं लॅक्टेज लहानपणानंतर आपल्याकडच्या पुष्कळ लोकांत कमी होत जातं. न तुटलेली लॅक्टोज पाणी धरून ठेवते, पुढे मोठ्या आतड्यात आंबते, पोट फुगतं. दह्याच्या विरजणातले जिवाणू तिचा काही भाग आधीच संपवतात आणि स्वतःचं विकरही सोबत आणतात. दूध न सोसणाऱ्याला ताक चालतं ते यामुळे.

चार-पाच तासांनी जे उरतं ते मोठ्या आतड्यात उतरतं. मटकी, चवळी, वाटाणा, राजमा यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात, आणि त्या तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ते असतं. ते या साखरा आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. कडधान्य खाल्ल्यावर वायू धरतो तो हाच. भिजवलेलं पाणी फेकून दिलं आणि मोड काढले तर या साखरा बऱ्याच कमी होतात. पण आंबण्याला नुसती नावं ठेवू नयेत. त्याच प्रक्रियेत जिवाणू ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळवतात. ज्याला कडधान्याची सवय नाही त्याने एकदम वाटीभर न खाता थोड्यापासून सुरुवात केली तर पोट हळूहळू जुळवून घेतं.

राहिलं पाणी. आपण दिवसाला दोनेक लिटर पितो, खातो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटर या नळीत ओतले जातात. या नऊ लिटरांतलं बाहेर पडतं साधारण शंभर ते दोनशे मिलिलिटर, बाकी सगळं परत शोषलं जातं. पावसाळ्यात गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की हा हिशेब बिघडतो. जून ते सप्टेंबरमध्ये उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांत गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात ते दर वर्षीचं आहे. जुलाबात जीव जातो तो मुख्यतः पाणी आणि क्षार वाहून गेल्याने.

अस्तरातल्या एका प्रथिनाने या आजारावर उपाय दिला. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी येतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही कल्पना मांडली. महत्त्वाचं म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा हा मार्ग शाबूत राहतो. 1971 च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

घरात ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर अंदाजाने वाढवू नये. जास्त साखर शोषली जात नाही आणि उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचते, म्हणूनच कोला आणि डब्यातले फळांचे रस जुलाबात देऊ नयेत. मूल अंगावर पीत असेल तर पाजणं थांबवू नये, मऊ खिचडी, वरणभात चालू ठेवावा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर ती एका पेल्यात अर्धी अर्धी न घालता पूर्ण पुडी एका लिटरात कालवावी, आणि चोवीस तासांनंतर उरलेलं पाणी ओतून देऊन नवं करावं.