यादीत नसलेली गाडी

ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस सिंगापूरच्या ‘सर्कल लाइन’ या भुयारी मार्गावर धावत्या मेट्रो गाड्या अचानक थांबू लागल्या. या गाड्यांना चालक नसतो. गाडीचा सिग्नल यंत्रणेशी रेडिओने सतत संवाद चालू असतो आणि तो तुटला की आपत्कालीन ब्रेक आपोआप लागतो. त्यामुळे बिघाड कळायला वेळ लागत नव्हता. तो नेमका कुठे आहे, हे मात्र कळेना. आज ही गाडी, उद्या ती. कधी हे स्टेशन, कधी भलतंच.

५ नोव्हेंबरला सरकारी माहिती-विश्लेषकांच्या छोट्या चमूपुढे घटनांची यादी आली: तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, दिशा. आधी त्यांनी एकेक रकाना तपासला. हाती काहीच लागलं नाही. मग एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर स्टेशनं घेऊन सगळ्या घटना मांडल्या. आपल्या रेल्वेतले सेक्शन कंट्रोलर गाड्यांचा चार्ट पूर्वी असाच ओढत असत. त्यात तिरकी रेघ म्हणजे धावती गाडी. आणि इथे ठिपके तिरक्या रेघांतच पडले होते! रेघेचा वेग गाडीचा, अडकलेल्या गाड्या मात्र उलट दिशेच्या. म्हणजे भुयारातून काहीतरी पुढे सरकत होतं आणि समोरून येणाऱ्या एकेका गाडीचा संवाद तोडत होतं.

ती गाडीच असणार. पण कोणती? खरी गंमत इथे आहे. यादीत फक्त ब्रेक लागलेल्या गाड्यांची नोंद होती. जिच्यामुळे ते लागत होते, ती स्वतः बिनबोभाट धावत होती. तिचं नाव यादीत येणार तरी कसं? यादी कितीही चाळली असती, तरी ती सापडली नसती. म्हणून घटनांच्या वेळी स्टेशनांत आलेल्या-गेलेल्या गाड्यांचं चित्रीकरण तपासलं गेलं. एकच गाडी पुन्हापुन्हा दिसली: पीव्ही४६.

६ नोव्हेंबरला, रविवारी, गर्दी नसताना ती मुद्दाम चालवली. ती मार्गावर येईपर्यंत त्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. ती आली आणि आसपासच्या गाड्यांचे ब्रेक लागू लागले. तिच्या सिग्नल यंत्रणेतला एक भाग अधूनमधून बिघडून चुकीचे संदेश सोडत होता. जुन्या नोंदी पडताळल्या, तेव्हा ऑगस्टपासूनच्या ९५ टक्क्यांहून अधिक घटनांचा माग तिच्यापर्यंत पोहोचला. उरलेल्या बहुधा एरवीही होणाऱ्या संदेशतुटीच्या होत्या.