माळरानावरील फुरसे

अहिल्यानगर (2024 पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचे भूस्वरूप एकसारखे नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा पाऊस आणि प्रवरा-मुळेच्या काठी उसाचे मळे. तर पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या पर्जन्यछायेतील भागात मुरमाड टेकड्या, उघडे खडक व काटेरी झुडपे. उसाच्या फडात घोणशीचे भय असते. कोरड्या माळावर मात्र फुरशाशी गाठ पडते.

विषारी साप म्हटला की लांबलचक, फणा उभारलेला नाग डोळ्यांपुढे येतो. फुरसे या कल्पनेत बसत नाही. त्याची लांबी साधारणतः 30 ते 40 सेंटिमीटर, म्हणजे हातभराहूनही कमी. रंग मातीसारखा तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके, दोन्ही कुशींवर नागमोडी पांढरी रेषा आणि डोक्यावर बाणासारखी खूण. डोळे मोठे व बाहुली उभी. अंगावरील खवले खरखरीत असून कुशींवरील खवल्यांचे कणे करवतीसारखे दातेरी असतात. डिवचले असता ते पळण्याऐवजी अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते. त्यातून निघणारी खरखर हा त्याचा इशारा होय. तो ऐकू येताच मागे सरावे. निरुपद्रवी म्हणता येईल असा मांजऱ्या साप पुष्कळसा याच्यासारखा दिसतो, परंतु तो सडपातळ व गुळगुळीत असतो. अर्थात हा फरक हाताळून पाहण्याचा नव्हे.

दिवसा फुरसे दगडाखाली, भेगांत किंवा दगडी बांधाच्या सापटीत दडून राहते. रात्री विंचू, कीटक, पाली व लहान उंदरांच्या शोधात बाहेर पडते. पावसाळ्यात ते झुडपांवरही चढते. मृद्संधारणाच्या कामावर किंवा बांधबंदिस्ती करताना दगड उचलणारा हात नेमका त्याच्या घरात जातो. दगड प्रथम पहारीने उलटवावा, मग हात लावावा.

“एवढासा तर साप,” म्हणून दंशाकडे दुर्लक्ष होते, आणि तेथेच घात होतो. या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. हिरड्यांतून वा लघवीतून रक्त जाणे काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होते. रुग्णालयात थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 20 मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर प्रतिविष देण्यात येते. आपल्याकडील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्याचे कारण उरत नाही. दंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये; तो अवयव न हलवता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.